बोहुमिल मोद्री : विश्वविजेत्या गोलरक्षकाची शोकांतिका

जागतिक नकाशावरून पुसल्या गेलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या आइस हॉकी संघाने 6 वेळा विश्वविजेतेपद पटकावले. त्यांपैकी पहिल्या दोन विजेतेपदांचे श्रेय ज्यांच्या अभेद्य गोलरक्षणाला दिले जाते, त्या बोहुमिल मोद्री यांना मात्र मायदेशात गौरवाऐवजी कारावास वाट्याला आला.

24 सप्टेंबर 1916 रोजी प्राग येथे जन्मलेले मोद्री व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. एलटीसी प्राग या नामांकित क्लबकडून खेळताना त्यांनी युरोपातील अग्रगण्य गोलरक्षक म्हणून लौकिक मिळविला. 1947 मध्ये प्राग येथेच संघाने पहिले विश्वविजेतेपद जिंकले. 1948 च्या सेंट मॉरिट्झ हिवाळी ऑलिंपिकमध्ये बलाढ्य कॅनडाला त्यांनी एकही गोल करू दिला नाही. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, दोन्ही संघांचे गुणही समान झाले. केवळ गोलसरासरीवर सुवर्णपदक कॅनडाकडे गेले. त्याच वर्षी स्वतंत्र भारताने लंडन ऑलिंपिकमध्ये मैदानी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते.

या रौप्ययशानंतर अवघ्या काही दिवसांत, फेब्रुवारी 1948 मध्ये, देशाची सत्ता कम्युनिस्टांच्या हाती गेली. नोव्हेंबरमध्ये पॅरिसहून लंडनला निघालेले विमान इंग्लिश खाडीवर बेपत्ता होऊन संघाचे 6 खेळाडू कायमचे हरपले. तरीही 1949 मध्ये स्टॉकहोम येथे कॅनडाला 3-2 असे नमवून उरलेल्या संघाने पुन्हा विश्वविजेतेपद मिळविले.

खेळाडू परदेशातच राहतील, ही धास्ती मात्र राज्यकर्त्यांची पाठ सोडत नव्हती. मार्च 1950 मध्ये लंडनच्या विश्वस्पर्धेसाठी निघालेल्या संघाला विमानतळावरच रोखण्यात आले. पाठोपाठ अटकसत्र सुरू झाले. ऑक्टोबरमध्ये बंद दाराआड खटला चालवून देशद्रोह व हेरगिरीच्या आरोपांखाली खेळाडूंना शिक्षा ठोठावण्यात आल्या. सर्वांत कठोर, 15 वर्षांची शिक्षा मोद्री यांना झाली. युरेनियमच्या खाणींशी जोडलेल्या श्रमछावण्यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली.

1955 मध्ये त्यांची सुटका झाली; परंतु प्रकृती पुरती ढासळली होती. 21 जुलै 1963 रोजी, वयाच्या अवघ्या 46 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. किरणोत्सर्गाचा दुष्परिणाम हेच त्याचे कारण मानले जाते. 1968 मध्ये त्यांना न्यायालयीन निर्दोषत्व लाभले. पण ते ऐकण्यास ते हयात नव्हते.

एका पिढीचा संघ तुरुंगात गेल्याची किंमत देशाच्या खेळालाही मोजावी लागली. पुढील विश्वविजेतेपदासाठी चेकोस्लोव्हाकियाला 1972 पर्यंत, म्हणजे तब्बल 23 वर्षे, वाट पाहावी लागली. 1992 च्या अखेरीस तो देशही विभागला गेला. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने 2011 मध्ये मोद्री यांचा मानकऱ्यांच्या यादीत समावेश केला. ज्या राष्ट्रासाठी त्यांनी गोल राखला आणि ज्याने त्यांना द्रोही ठरविले, ते राष्ट्र तोवर इतिहासजमा झाले होते.