मराठी देऊन घेतलेली इंग्रजी

परदेशी राहून इंग्रजी शिकायची तर गाठीला पैसा हवा, नाही तर पाठीशी दाता हवा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही तो दात्याच्या शोधात निघतो आणि दाता भेटला की विद्येबरोबर उपकाराचे ओझेही घरी घेऊन येतो. १८८३ साली एक मराठी विधवा दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेली. तिच्याजवळ पैसा नव्हता आणि मिंधेपणा पत्करण्याची तयारी तर मुळीच नव्हती. ह्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शारदा सदन व मुक्ती सदन यांच्या संस्थापिका म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे आणि त्यांच्या धर्मांतराचा वादही परिचित आहे. मात्र काम करीत परकी भाषा शिकणारी विद्यार्थिनी ही त्यांची ओळख काहीशी मागे पडली आहे. आजच्या विद्यार्थ्यांना आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तीच अधिक जवळची वाटावी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. तीच विद्या आईकडून मुलीला मिळाली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगे आणि मिळेल त्यावर निर्वाह करी. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. बंधू श्रीनिवास यांच्याबरोबर पायपीट करीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये तेही पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी पदरी तान्ही मनोरमा आणि जवळ संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी व बंगाली एवढ्या भाषांचे धन, अशा स्थितीत रमाबाई उरल्या. इंग्रजी मात्र त्या धनात जवळजवळ नव्हतीच.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. स्त्रियांना शिकविण्यासाठी स्त्री-शिक्षिका आणि त्यांच्यावर उपचार करण्यासाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तेथे आग्रहाने मांडले. परंतु ही साक्ष मराठीत होती. राज्यकर्त्यांपर्यंत ती पोहोचली ती दुसऱ्याने केलेल्या इंग्रजी भाषांतरातून. ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांची भाषा इंग्रजी होती आणि वैद्यकीचे ज्ञानही त्याच भाषेत होते. पुण्यात मिस हरफर्ड यांच्याकडे त्यांनी इंग्रजीचे प्राथमिक धडे घेतले; पण तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते. विलायतेस जाऊन वैद्यकी शिकायचे, असे त्यांनी ठरविले.

प्रश्न होता खर्चाचा. तो रमाबाईंनी लेखणीने सोडविला. ‘स्त्रीधर्मनीति’ हा मराठी ग्रंथ लिहून १८८२ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाची तजवीज केली. इंग्रजी शिकण्याच्या वाटेवरील पहिले भाडे असे मराठीनेच भरले.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरीच्या मठात त्यांची सोय झाली. मठाच्या काही भगिनी पुण्यात काम करीत असल्याने ओळख होतीच. येथे ठरलेला व्यवहार साधा होता. हिंदुस्थानात कामासाठी जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावी आणि भगिनींनी त्यांना इंग्रजी शिकवावी. दोन्ही बाजूंना गरज होती, दोन्ही बाजूंजवळ देण्यासारखे काही होते. गरीब विद्यार्थी आपल्याजवळ काय नाही ह्याचीच मोजणी करीत बसतो. रमाबाईंनी आपल्याजवळ काय आहे हे आधी पाहिले.

वाट सोपी मात्र नव्हती. रमाबाईंना ऐकू कमी येई. वैद्यकीचा बेत त्यामुळेच सोडावा लागला. परकी भाषा कानाने टिपणेही ह्या व्यंगामुळे किती अवघड गेले असेल, याची कल्पना भाषेचा कोणताही शिक्षक करू शकेल. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रातील अनेक चाहते दुरावले. परक्या भूमीवरील पहिल्या सहा महिन्यांतच जवळचे माणूस, ठरविलेला व्यवसाय आणि मायदेशातील आधार असे तिन्ही सुटले.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या ह्या संस्थेत त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इंग्रजी वाङ्मय, गणित व शास्त्रविषय शिकत. एकाच इमारतीत त्या शिक्षिका आणि विद्यार्थिनी अशा दोन्ही होत्या. ह्याच काळात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला. तसे झाल्यास हिंदुस्थानात त्यांच्या कामाची हानी होईल, म्हणून चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. रमाबाईंनी मायदेशी पुरुषांच्या भरसभांत व्याख्याने दिली होती. असे बंधन त्यांना मुळीच मान्य नव्हते. धर्मतत्त्वांच्या बाबतीतही तेच. जे बुद्धीला पटले नाही ते केवळ मठाची आज्ञा म्हणून त्यांनी स्वीकारले नाही. भगिनी जेराल्डिन ह्या त्यांच्या धर्ममाता. त्यांना ह्या वृत्तीत अहंकार दिसला. दोघींचा पत्रव्यवहार जेराल्डिन यांनीच जतन केला व तो १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. ज्यांनी निवारा दिला आणि भाषा दिली, त्यांच्याशीच त्या भाषेत मुद्देसूद वाद घालणारी रमाबाई त्या पत्रांत भेटते. ह्यात कृतघ्नता शोधणे अन्यायाचे होईल. मठाच्या भगिनींनी माया केली हे खरे. पण मायेच्या मोबदल्यात मनाचा ताबा देण्याचा करार झालेला नव्हता.

शिकलेल्या भाषेची खरी परीक्षा पुढे झाली. दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या. थोडे दिवस राहण्याच्या हेतूने गेलेल्या रमाबाई अमेरिकेत सुमारे तीन वर्षे राहिल्या. बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास करीत, गावोगाव इंग्रजीतून व्याख्याने देत त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य उभे केले. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. १८८३ मध्ये सर बार्टल फ्रिअर यांना हिंदी स्त्रियांच्या दुःखाविषयी त्यांनी निवेदन लिहिले होते, ते मराठीत. त्याला भाषांतरकाराची गरज लागली होती. अवघ्या चार वर्षांनी तीच स्त्री तेच दुःख स्वतःच्या इंग्रजीत मांडीत होती. ग्रंथाच्या हजारो प्रती खपल्या. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली.

त्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई ह्या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्याच वर्षी अमेरिकेतील लोकजीवनाविषयीचा रमाबाईंचा मोठा ग्रंथ मुंबईत छापून निघाला, तो मराठीत. इंग्रजीतून जे मिळविले ते मराठी वाचकाच्या हाती देणे त्यांनी आपले कर्तव्य मानले. सदनावर धर्मप्रसाराचा आरोप होऊन पुढे मोठे वादळ उठले. त्यातील मतभेदांना आधार होता आणि आहे. पण त्यामुळे भाषेच्या बाबतीत त्यांनी घालून दिलेल्या उदाहरणाला बाध येत नाही. उत्तरायुष्यात केडगाव येथे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहून घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

आजही तुटपुंज्या पैशावर परदेशी जाऊन, दिवसा राबून रात्री अभ्यास करणारे मराठी तरुण पुष्कळ आहेत. देशात राहून कचेरीची वेळ संपल्यावर इंग्रजीच्या वर्गाला धावणारे तर त्याहून अधिक. इंग्रजी येत नाही म्हणून स्वतःला अडाणी समजण्याची जी सवय आपल्या शिक्षणाने लावली आहे, तिला रमाबाईंचे चरित्र हे चोख उत्तर होय. भाषा न येणे ही उणीव आहे, हीनता नव्हे. उणीव भरून काढताना स्वतःजवळची भाषा, विद्या आणि विवेक हेच भांडवल असते. ते ज्याने घरी टाकून दिले, त्याला परकी भाषा फार महाग पडते. रमाबाईंनी ते बरोबर नेले आणि परत आल्या तेव्हा ते वाढवून आणले.