डॉ. आनंदीबाई जोशी आणि अंगावर काढलेले दुखणे

भगिनींनो, डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस जाऊन डॉक्टरीची पदवी मिळविली, हे आपण सर्वजणी शाळेत शिकलो. त्यांच्या विद्येविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या प्रकृतीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

त्यांचे माहेरचे नाव यमुना, जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव बिजवर, वयाने वीसएक वर्षांनी मोठे आणि पोस्टात नोकरीला. त्यांची बदली आपल्या अलिबागेस झाली आणि ही चिमुरडी संसाराला येथे आली. चूल सोडून बायको शिकली पाहिजे, असा गोपाळरावांचा हट्ट होता. प्रसंगी ते हातही उगारीत. हेतू चांगला असला तरी ही रीत मला पटत नाही.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. आईच्या मनावर केवढा घाव! स्त्रीला आपले दुखणे परपुरुषाला सांगण्याचा संकोच वाटतो, म्हणून स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने घेतले.

पुढे गोपाळरावांबरोबर त्या कलकत्त्यास गेल्या. तेथे त्यांना सारखी डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप, आणि कधीकधी धाप लागे. अमेरिकेतील कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. तशाच प्रकृतीने ७ एप्रिल १८८३ रोजी त्या आगबोटीत बसल्या. वय अवघे अठरा!

येथे थोडे थांबते. आनंदीबाईंचा आजार क्षयाचा निघाला, हृदयाचा नव्हे. पण धाप आणि थकवा ही हृदयविकाराचीही लक्षणे असतात, आणि आपण बायका ती अंगावर काढतो. हृदयविकारात छातीत कळ येतेच, असे नाही. कोणा बाईला मळमळते, कोणाची पाठ किंवा जबडा दुखतो, कोणाला जिना चढताना अचानक दम लागतो. ती म्हणते, पित्त झाले असेल, आणि पोळ्या लाटत राहते. पाळी जाण्याच्या वयानंतर हा धोका वाढतो. वाढलेला रक्तदाब दुखत-खुपत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही. आरोग्य केंद्रात तो मोजून देतात, पाच मिनिटांचे काम. तिथे आपण नातवाला नेतो, स्वतःचा दंड पुढे करीत नाही. आपल्या किनाऱ्यावर तर सुके बोंबील, सुकट, पापड, लोणचे, म्हणजे ताटात मीठच मीठ. त्यात काहीजणींची मशेरी सुटत नाही. तंबाखू दातांना लावली तरी ती रक्तात जातेच. दिवसभर घरात राबलो म्हणजे व्यायाम झाला, ही समजूतही पुरती खरी नाही. संध्याकाळी समुद्रावर अर्धा तास न थांबता झपझप चालावे. घरचे काही म्हणणार नाहीत, आणि म्हटले तरी जावे.

असो. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई शिकू लागल्या. तेथे थंडी कडाक्याची. शेगडी पेटवावी तर खोली धुराने भरे, न पेटवावी तर गारठा. शाकाहार त्यांनी सोडला नाही, लुगडेही सोडले नाही. प्रकृती ढासळत होती, तरी अभ्यासात खंड नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची नेमणूकही ठरली.

पण नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या त्या आजारी होऊनच. क्षयाचे जंतू चारच वर्षांपूर्वी सापडले होते, त्यावरचे औषध निघायला आणखी साठ वर्षे लागायची होती. तेव्हा वेळेवर उपचार झाले असते तरी त्या वाचल्या असत्या, असे म्हणवत नाही. आज आपल्याला ती सबब उरलेली नाही, एवढेच. कोल्हापूरच्या त्या खुर्चीत त्या एक दिवसही बसू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे.