लिज्यूची तेरेजा

शाळेच्या चॅपलमधला गुलाबांचा फोटो आठवतो ना? ती संत तेरेजा. बाबा गेल्यावर मी नुसत्या सवयीने मिस्साला जात होते, प्रार्थना म्हणजे भिंतीशी बोलणं झालं होतं, तेव्हा तिचं चरित्र नीट वाचलं.

जन्म १८७३, फ्रान्समधला. वयाच्या १५ व्या वर्षी ती लिज्यूच्या कार्मेल मठात गेली. १८९६ च्या पवित्र सप्ताहात तिच्या तोंडून रक्त आलं. क्षय. तिला आनंदच झाला, स्वर्ग जवळ आला म्हणून. आणि थोड्याच दिवसांत तो स्वर्गच मनातून नाहीसा झाला. मरणापलीकडे काही नाही, असं आतून वाटू लागलं. नास्तिक खरोखर असतात, हे तोवर तिला पटत नव्हतं. आता ती स्वतःला त्यांच्याच पंगतीत धरू लागली, त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली. मला तिचं हेच सर्वांत मोठं वाटतं.

विश्वासांगीकार तिने स्वतःच्या रक्ताने लिहून उराशी बाळगला. नवशिक्या भगिनींना शिकवणं, थट्टामस्करी चालूच. न दिसणाऱ्या स्वर्गावर कविताही लिहिल्या. बरोबरच्या बहुतेकींना काही कळलं नाही. ३० सप्टेंबर १८९७ ला ती गेली, अवघ्या २४ व्या वर्षी.

कोलकात्याच्या मदर तेरेसांनी नाव घेतलं ते हिचंच. पुढे त्यांच्याही वाट्याला तसाच अंधार आला, तोही कित्येक वर्षं.