मुंबईचे बेताज बादशहा आणि बाबासाहेबांचा पराभव

न्यूयॉर्क शहर टॅमनी हॉलच्या पक्षयंत्राने पिढ्यान् पिढ्या मुठीत ठेवले. मुंबईत ते काम स. का. पाटलांनी केले. कोकणातून आलेले हे गृहस्थ १९४९ ते १९५२ मुंबईचे महापौर होते. थैलीशहांकडून निधी आणायचा, तिकिटे वाटायची, वॉर्डावॉर्डात आपली माणसे बसवायची, ही त्यांची रीत. नंदुरबारात पालिकेच्या तिकिटासाठी पुढाऱ्याच्या ओसरीवर ताटकळणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना ती ओळखीची वाटेल.

१९५२ साली पाटलांच्या काँग्रेसने उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर बाबासाहेबांसमोर नारायणराव काजरोळकर उभे केले. बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. आम्हा वकिलांना मात्र त्या निवडणुकीतली ७४,३३३ बाद मते अधिक खुपतात. डांग्यांच्या कम्युनिस्टांनी मते कुजवायला लावली, असा आरोप करीत बाबासाहेब आणि अशोक मेहता न्यायाधिकरणात गेले. अर्ज फेटाळला गेला. तेव्हा सगळे खापर एकट्या पाटलांवर फोडणे सोपे आहे, पण खरे नाही.

पाटलांचा संयुक्त महाराष्ट्राला विरोध होता. १९५७ला शेड्युल्ड कास्ट फेडरेशन समितीत होते आणि मध्य मुंबईतून आपले जी. के. माने त्याच डांग्यांच्या जोडीने लोकसभेत गेले. राजकारण ते हेच! पाटील दक्षिण मुंबईत टिकले. केंद्रात त्यांनी अन्न आणि रेल्वे खाती सांभाळली. १९६७ला जॉर्ज फर्नांडिस या कामगार पुढाऱ्याने त्यांना त्यांच्याच गडात पाडले. १९६९ला लोकसभेत परतण्यासाठी मुंबईच्या या बादशहाला गुजरातेतले बनासकांठा गाठावे लागले.