ड्रॉइंग बुडालं, जहाज तरलं!

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे वेलांटी-उकार चुकले तर सांभाळून घ्या. पण ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे तो आपल्या मुंबईचा, आणि तोही एका अर्थाने इंजिनिअरच. त्याच्यावर इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिणं काही मनाला पटेना.

सुरुवात झाली एका फजितीने. मागच्या सुट्टीत मला जुन्या लाकडी युद्धनौकेचं मॉडेल करायचं खूळ लागलं. जहाज ठरलं होतं : 'ट्रिंकोमाली'. का? तर ते मुंबईत बांधलेलं, आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभं आहे. एकाकडून प्लॅनची झेरॉक्स मिळाली. मी उत्साहाने पाच फ्रेम कापल्यासुद्धा! आणि मग लक्षात आलं की मागची बाजू एका काळातली आहे आणि तोफा दुसऱ्याच काळातल्या. कोणीतरी दोन ड्रॉइंग्जची खिचडी केली होती. प्लायवूड गेलं, आठवडा गेला. खरा प्लॅन शोधता शोधता मी येऊन पोचले जमशेटजी बमनजी वाडियांपाशी. आणि कळलं, की ह्याच जहाजाच्या प्लॅनसाठी त्यांनासुद्धा थांबावं लागलं होतं!

जमशेटजींचा जन्म 1754 च्या सुमाराचा. आजोबा लवजी नसरवानजी हे सुरतेचे जहाजबांधणी करणारे सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 मध्ये त्यांना मुंबईला आणलं. 1750 मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. म्हणजे जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आणि तळाचं काम कोरड्यात करायचं. लवजींच्या मागे त्यांची मुलं माणेकजी आणि बमनजी यांनी गोदी सांभाळली. 1792 मध्ये ही जबाबदारी तिसऱ्या पिढीकडे आली, माणेकजींचे फ्रामजी आणि बमनजींचे जमशेटजी. 1804 मध्ये फ्रामजी गेले, आणि मुख्य जहाजबांधणीकार म्हणून सगळा भार जमशेटजींवर आला.

विचार करा, ना कॉलेज, ना डिग्री, ना सबमिशन! शिक्षण झालं ते गोदीत, सागवानाच्या भुशात. पण हात आणि नजर अशी तयार, की 1804 मध्ये कंपनीने त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. ग्रीनिचच्या म्युझियममध्ये त्यांचं एक पेंटिंग आहे. पांढरा पारशी पोशाख, हातात डिव्हायडर आणि जहाजाचं ड्रॉइंग, कमरेला तीच चांदीची पट्टी. आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये लावण्यासारखा फोटो, नाही का?

तो काळ नेपोलियनबरोबरच्या युद्धांचा. इंग्लंडला जहाजं हवी होती आणि तिथलं ओक लाकूड कमी पडत होतं. इकडे मलबारचं सागवान होतं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागवानातल्या तेलाने उलट ते टिकतात. शिवाय सागवान सहजासहजी कुजत नाही. तरीपण लाकूड चांगलं म्हणून जहाज चांगलं होत नाही, बांधणारा तसा लागतो. 1805 मध्ये जमशेटजींची एक फ्रिगेट पाण्यात उतरली. तिचं नाव पुढे 'साल्सेट' ठेवलं, म्हणजे आपली साष्टी! 1810 मध्ये 74 तोफांची 'मिंडेन' झाली. एवढी मोठी युद्धनौका इंग्लंडच्या नौदलाने प्रथमच ब्रिटनच्या बाहेर बांधून घेतली, आणि तीही एका हिंदुस्थानी माणसाच्या हाताखाली. त्यानंतर 1813 मध्ये 'कॉर्नवॉलिस'. 1842 चा नानकिंगचा तह ह्याच जहाजावर झाला.

आता मुख्य गोष्ट. 1812 मध्ये मुंबईला नवीन ऑर्डर्स आल्या होत्या. त्यांचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या फ्रिगेटवरून निघाले. त्या वेळी इंग्लंडचं अमेरिकेशीही युद्ध चालू होतं. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला हरवलं आणि जाळून टाकलं. झालं! त्याबरोबर ड्रॉइंग्जही गेली. पेन ड्राइव्ह नाही, मेल नाही. समुद्रमार्गे पुन्हा मागवायची म्हणजे कित्येक महिन्यांची गोष्ट.

जमशेटजींनी काय केलं असेल? त्यांच्यापुढे दोन जहाजं होती, आणि दोन्हींचं उत्तर वेगळं निघालं. मला हेच सगळ्यात आवडलं.

पहिलं जहाज 74 तोफांचं, 'वेलस्ली'. त्याचा आराखडा बुडाला. पण त्याच आकाराची 'कॉर्नवॉलिस' मुंबईच्याच गोदीत तयार झालेली होती. मग 'वेलस्ली' तिच्याच लाइन्सवर बांधली आणि 1815 मध्ये पाण्यात सोडली. काम अडलं नाही. आणि ते इतकं पक्कं होतं, की हे जहाज 1940 मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर, थेम्स नदीत जर्मन बॉम्बने बुडालं. म्हातारपणाने नव्हे!

दुसरं जहाज म्हणजे आपली 'ट्रिंकोमाली'. तिचा आराखडा 'लेडा' ह्या इंग्लिश फ्रिगेटचा. आणि 'लेडा'चा कुठून आला? 1782 मध्ये इंग्रजांनी 'एबे' नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली होती, तिच्यावरून. म्हणजे डिझाइन फ्रेंच, कागद इंग्लिश, सागवान मलबारचं आणि हात मुंबईचे! इथे मात्र अंदाजाने काम केलं नाही. नवीन ड्रॉइंग्ज येईपर्यंत वाट पाहिली. 1816 मध्ये पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात, म्हणजे कीलमध्ये, चांदीचा खिळा ठोकून बांधणी सुरू झाली आणि 12 ऑक्टोबर 1817 ला जहाज पाण्यात उतरलं.

कधी थांबायचं आणि कधी हातातल्या गोष्टीवरून पुढे जायचं, हे कळणं म्हणजेच बहुतेक इंजिनिअरिंग असावं. आम्ही मात्र शेजारच्याची शीट समोर ठेवून जीटी मारतो आणि त्यालाच लाइन्स घेणं समजतो!

जमशेटजींना मानसन्मान मिळाले, तरी राज्य गोऱ्यांचं होतं. असं सांगतात, की 1800 साली बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर त्यांनी स्वतः कोरून ठेवलं होतं, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलंय. त्यात काळ्याला जोडून एक शिवीही होती, साहेब लोक देत असत तीच. बरीच वर्षं ते कोणाला दिसलं नाही. जहाज दुरुस्तीला परत आलं तेव्हा त्यांनीच ते दाखवलं म्हणे. गोष्ट किती खरी ते सोडा. पण एवढी वर्षं ती सांगितली जाते, त्यामागचं दुखणं खोटं नसणार.

1821 च्या ऑगस्टमध्ये जमशेटजी वारले. 84 तोफांची 'गँजिस' तेव्हा गोदीत पूर्ण होत आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पाण्यात उतरली, ते पाहायला ते नव्हते. पुढे काम त्यांचे चिरंजीव नवरोजींनी चालवलं.

आणि माझं मॉडेल? खिचडी कशी झाली ते नंतर समजलं. 1840 च्या दशकात 'ट्रिंकोमाली'चा मागचा भाग बदलला आणि तोफा कमी करून 26 केल्या. म्हणजे 1817 ची 'ट्रिंकोमाली' वेगळी आणि आज हार्टलपूलला दिसते ती वेगळी. दोन्ही खऱ्या, पण एका मॉडेलमध्ये दोन्ही बसवल्या की खोट्या! म्हणून प्लॅन शोधताना पहिला प्रश्न 'कुठलं जहाज' हा नाही, 'कुठल्या सालचं' हा आहे. इंग्लंडच्या नौदलाचे मूळ आराखडे साधारणपणे पाव इंचाला एक फूट, म्हणजे 1:48 ह्या स्केलचे असतात, आणि त्यांचा मोठा साठा ग्रीनिचलाच आहे. त्यात बाजूचा, वरचा आणि समोरचा असे तीन व्ह्यू असतात. फर्स्ट इयरला ज्याच्या नावाने आपण बोटं मोडली तेच ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन! तिन्ही व्ह्यूंमध्ये एकच बिंदू जुळतो का ते आधी तपासायचं. नाही जुळला, तर करवत खाली ठेवायची. मी हे केलं असतं तर पाच फ्रेम वाचल्या असत्या.

'ट्रिंकोमाली'चा तोफांचा मजला सुमारे 150 फूट लांब आहे. 1:48 ने तो साडेसदतीस इंच होतो, आणि तेवढी जागा हॉस्टेलच्या टेबलावर नाही. म्हणून आता 1:96 ने, 1817 ची 'ट्रिंकोमाली' करतेय. आणि हो, टायटल ब्लॉकमध्ये तारीख लिहायला सर का ओरडतात, ते आता कळलंय.

जमशेटजींची गोदी आज नौदलाच्या आवारात आहे, तिथे सहज आत जाता येत नाही. पण फोर्टात लायन गेटवरून कधी गेलात तर क्षणभर थांबा. त्या भिंतीमागे एका माणसाने, ड्रॉइंग बुडाल्यावरही, दोनशे वर्षं तरंगणारं जहाज बांधलं होतं.

माझ्या मॉडेलच्या कीलमध्येही मी एक खिळा ठोकलाय. चांदी परवडली नाही, स्टीलचा आहे. भावना महत्त्वाची!