धर्माच्या नांवानें उचललेला दगड

सन १८७५ च्या सप्टेंबर महिन्यांत पुणें शहरांत दोन मिरवणुकी निघाल्या. एक स्वामी दयानंद सरस्वती यांच्या सन्मानार्थ होती. महादेव गोविंद रानडे प्रभृति सुधारक मंडळींनीं त्यांस व्याख्यानांकरितां पुण्यास बोलाविलें होतें. दुसरी मिरवणूक एका गाढवाची. स्वामींच्या मतांनीं चिडलेल्या धर्माभिमानी मंडळींनीं त्या मुक्या जनावरास गर्दभानंदाचार्य अशी पदवी देऊन रस्त्यांतून फिरविलें. पावसाळ्याचे दिवस, रस्ते चिखलानें भरलेले. तो चिखल स्वामींच्या मिरवणुकीवर उडूं लागला, रानड्यांचे कपडेही त्यांतून सुटले नाहींत, आणि अखेर पोलिसांस मध्यें पडावें लागलें. एवढी हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु रानड्यांच्या विनंतीवरून आपले अनुयायी बरोबर घेऊन त्या मिरवणुकीच्या रक्षणास कोण उभा राहिला होता, हें सांगणारे थोडे भेटतात. तो गृहस्थ म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

यांत नवल तें हें, कीं स्वामींचें व जोतीरावांचें मत मुळींच जुळत नव्हतें. स्वामी वेदांस सर्व सत्याचें मूळ मानीत. जोतीराव कोणताच ग्रंथ ईश्वरानें लिहिलेला मानीत नसत, आणि वेदांविषयीं तर त्यांची टीका सर्वांत कडक. दोनच वर्षांपूर्वीं, २४ सप्टेंबर १८७३ रोजीं, त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला होता व त्याच वर्षीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें होतें. ज्याचें म्हणणें आपणांस खोटें वाटतें त्याच्याच मिरवणुकीपुढें चिखल अंगावर घेण्यास जावें, ही बुद्धि मनुष्यास सहजासहजीं होत नाहीं. ती जोतीरावांस कशी झाली, हें पाहण्यासाठीं त्यांच्या पूर्वायुष्याकडे वळलें पाहिजे.

त्यांचा जन्म १८२७ सालीं माळी कुळांत झाला. पेशव्यांच्या वाड्यांत फुलें पुरविण्यावरून घराण्यास फुले हें नांव पडलें. गोविंदरावांनीं लोकांच्या सांगण्यास भुलून मुलाची शाळा मध्येंच सोडविली व त्यास मळ्याच्या कामास लाविलें. ती पुनः सुरू झाली ती शेजारच्या गफार बेग मुन्शी नांवाच्या मुसलमान गृहस्थाच्या व लिजिट नांवाच्या ख्रिस्ती साहेबाच्या आग्रहामुळें. ज्या पुरुषानें पुढें महाराष्ट्रांतील लाखों शूद्रातिशूद्रांस विद्येची वाट दाखविली, त्याला ती वाट दोघां परधर्मीयांनीं दाखविली होती. स्वधर्माच्या शुद्धतेसाठीं शेजाऱ्यास परका ठरवूं पाहणाऱ्यांनीं ही एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली, व पत्नी सावित्रीबाई यांस शिकवून तेथें शिक्षिका केलें. वाडा ब्राह्मणाचा, मदतीस सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांसारखे ब्राह्मण मित्र. म्हणून हा तंटा केवळ जातीजातींचा होता असें म्हणणाऱ्यांचें आम्हांस पटत नाहीं. परंतु शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर शेण, चिखल व खडे पडूं लागले, तेव्हां ते फेंकणाऱ्यांच्या मुखीं धर्माचेंच नांव होतें. शाळेंत गेल्यावर नेसण्याकरितां त्या दुसरें लुगडें बरोबर नेत असत. पुढें शूद्राच्या सुनेनें मुलींस शिकवावें हें पाप आहे असें गोविंदरावांच्या कानांत भरविण्यांत आलें, व १८४९ सालीं त्या भोळ्या बापानें मुलास व सुनेस घराबाहेर काढलें.

खड्यांनीं काम भागेना, तेव्हां शस्त्राकडे पाळी आली. चरित्रकार सांगतात कीं १८५६ सालीं एके मध्यरात्रीं दोन इसम हत्यारें घेऊन जोतीरावांच्या घरांत शिरले. एकाचें नांव रोडे, दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार. जाग येऊन जोतीरावांनीं विचारपूस केली, तेव्हां तुम्हांस मारण्याबद्दल आम्हांस द्रव्य मिळणार आहे, असें त्यांनीं सरळ सांगितलें. तुमच्यासारख्या गरिबांच्या कल्याणासाठींच माझें आयुष्य आहे, माझ्या मरणानें तुमचें भलें होत असेल तर मान पुढें आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यांस मिळालें. हत्यारें खालीं पडलीं. रोडे पुढें जोतीरावांचा रखवालदार झाला. धोंडिराम शिकला, सत्यशोधक समाजाचा पंडित म्हणून गाजला व त्यानें 'वेदाचार' नांवाचें पुस्तक लिहिलें.

या कथेंत आमच्या व्यापारी वाचकांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. मारावयास आलेल्या दोघांचा जोतीरावांशीं धर्मासंबंधानें कांहींएक वाद नव्हता. ते पोटासाठीं आले होते. धर्म बुडाला म्हणून ज्याचा जीव तळमळत होता, तो त्या रात्रीं आपल्या अंथरुणांत सुखानें निजला असेल. त्यानें केवळ पिशवीचें तोंड सोडलें. मारेकऱ्यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, त्याचें राहिलें नाहीं.

जोतीरावांची लेखणी सौम्य होती, असें आम्ही म्हणणार नाहीं. 'ब्राह्मणांचें कसब' व 'गुलामगिरी' यांतील भाषा पुष्कळांस आजही झोंबते, व पुराणांतील अवतारांवरून त्यांनीं काढलेलीं इतिहासविषयक कित्येक अनुमानें आम्हांसही ग्राह्य वाटत नाहींत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची व विचारांची यथेच्छ टर उडविली. तो त्यांचा अधिकार होता, आणि त्यानें कोणाच्या डोक्यास खोक पडली नाहीं. सहिष्णुता म्हणजे सर्वांनीं गोड बोलावें व कोणीं कोणाचें खंडन करूं नये, अशी जी एक समजूत आहे ती आम्हांस भ्रामक वाटते. जोतीरावांनीं खंडन जन्मभर केलें. खडकवासल्याच्या धरणास दगड पुरविण्याचा मक्ता घेणारा हा मक्तेदार दगडाचा व्यवहार पुरा जाणून होता. पण वादांत त्यानें तो कधीं हातीं घेतला नाहीं, किंवा दुसऱ्याच्या हातीं दिला नाहीं.

उलट विरोधकांस अडचणींत पाहून ते काय करीत, याचा दाखला १८८२ सालचा आहे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यांत 'केसरी' व 'मराठा' पत्रांचे बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर सांपडले. टिळकांचा व जोतीरावांचा मार्ग सर्वस्वीं निराळा. तरीही जामिनाचा प्रश्न आला तेव्हां जोतीरावांच्या शब्दावरून सत्यशोधक समाजाचे रामशेट बापूशेट उरवणे यांनीं दहा हजार रुपयांची हमी दिली, आणि १०१ दिवसांची कैद भोगून दोघे संपादक डोंगरीच्या तुरुंगांतून सुटले तेव्हां त्यांच्या सत्कारांत सत्यशोधक मंडळीही होती. एकाच पुणें शहरांत १८५६ सालीं एक थैली सुटली व १८८२ सालीं दुसरी. कोणती थैली आपली, हें प्रत्येक सावकारानें व दुकानदारानें मनाशीं ठरवावें. धर्मकार्याच्या नांवानें वर्गणीची वही दुकानावर येते तेव्हां पैसा कोठें जाणार हें विचारण्यास आमचे व्यापारी बंधु संकोचतात, हें आम्ही वारंवार पाहतों. मालाच्या हुंडीस जी चौकशी लागते, ती या वहीस कां लागूं नये?

हा प्रश्न जुना झाला असें मात्र कोणीं समजूं नये. २५ जून १९३४ रोजीं अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या महात्मा गांधींवर पुण्याच्या नगरपालिकेजवळ बाँब फेंकण्यांत आला. गाडी ओळखण्यांत चूक झाली म्हणून ते वांचले, पण दुसरीं माणसें जखमी झालीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं फिरावयास निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांस ओंकारेश्वरानजीकच्या पुलावर गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. १० मे २०२४ रोजीं न्यायालयानें गोळ्या झाडणाऱ्या दोघांस जन्मठेप दिली. इतर तिघे आरोपी निर्दोष सुटले. रोड्यास व धोंडिरामास ज्यानें पाठविलें, तो इसम कोण हें विचारण्याची पाळी पुणेकरांवर दीडशें वर्षांनंतर पुनः आली.

१८८८ च्या मे महिन्यांत मुंबईच्या लोकांनीं जोतीरावांस महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांस अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला. तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें लिहिण्याचा सराव केला व 'सार्वजनिक सत्यधर्म' हें आपलें अखेरचें पुस्तक पुरें केलें. त्यांत त्यांनीं एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्या घरांतील बाई बौद्ध ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारील, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होईल, मुलगी कुराण वाचून मुसलमान होईल व मुलगा सत्यधर्मी होईल. तरीही चौघांनीं एकमेकांचा हेवा न करितां, आपण सर्व एकाच निर्माणकर्त्याचीं लेंकरें आहों असें समजून, एका घरांत प्रेमानें नांदावें. सुखवस्तु विद्वानानें असें लिहिलें असतें तर आम्ही त्यास गोड स्वप्न म्हटलें असतें. हें लिहिणाऱ्याच्या बायकोनें धर्मासाठीं फेंकलेलें शेण झेललें होतें, बापानें त्यास घराबाहेर काढलें होतें, व मारेकरी त्याच्या अंथरुणापाशीं येऊन गेले होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. पुस्तक छापून बाहेर पडलें तें पुढच्या वर्षीं.