बाळंभटदादा देवधर

बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीतील (१७९६–१८१८) मल्ल व मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवक होते. परंपरेनुसार, निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांनी पुण्यात आव्हान दिले. ते स्वीकारण्यास कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटांनी मुदत मागून सप्तशृंगी गडावर उपासना केली. तेथे त्यांना लाकडी खांबावर कुस्तीच्या डावांचा सराव करण्याची युक्ती सुचली. पुढे भर आखाड्यात त्यांनी अलीला चीत केले. गुलाबने लढत टाळली. बाळंभटदादांची विद्या कोंडभटनाना गोडबोले आदी शिष्यांनी पुढे चालवली. १८१८ मध्ये पेशवाईचा आश्रय संपला, तरी शिष्यपरंपरेमुळे ती टिकली. उत्सवांतील मल्लखांबाची प्रात्यक्षिके पाहून मुले आजही व्यायामशाळांत दाखल होतात.